काउंटरसमोर उभं राहण्याआधी

पहिल्या परदेशप्रवासाचा हिशेब मांडताना माणूस तिकीट, व्हिसा, हॉटेल आणि खाणं असे चार मोठे रकाने आखतो. ते फारसे चुकत नाहीत, कारण घरी बसून, चार ठिकाणी भाव बघून भरलेले असतात. चुकतो तो पाचवा, न आखलेला रकाना. बॅग दोन किलो जास्त भरली म्हणून चेक-इनला मोजलेले पैसे, उतरल्या उतरल्या दिसलेल्या पहिल्याच खिडकीवर बदललेलं चलन, मशीनवर न वाचता दाबलेलं हिरवं बटण, रात्री दीड वाजता दुसरा पर्यायच नव्हता म्हणून घेतलेली टॅक्सी. हे सगळे निर्णय उभ्याउभ्या, दमलेल्या अवस्थेत, मागे रांग असताना घेतलेले असतात. म्हणून सामान भरणं आणि पैसे वाचवणं ही दोन कामं वेगळी धरू नयेत. काउंटरसमोर घ्यावे लागणारे निर्णय जमतील तितके आधीच, घरच्या टेबलाशी बसून उरकायचे, एवढंच दोन्हींत करायचं असतं.

सुरुवात तिकिटावरच्या एका बारीक ओळीपासून करावी. सामानाच्या मर्यादेच्या दोन पद्धती आहेत. एकीत एकूण किलो दिलेले असतात आणि ते किती बॅगांत वाटायचे हे बरंचसं आपल्यावर असतं. दुसरीत नग मोजतात: एक किंवा दोन बॅगा, प्रत्येकी बहुधा २३ किलोपर्यंत, आणि लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज १५८ सेंटिमीटरच्या आत. नगाच्या पद्धतीत सरासरी चालत नाही. एक बॅग २० किलोची आणि दुसरी २६ ची असेल, तर बेरीज ४६ भरूनही दुसरीवर जादा वजनाचा आकार लागतो. ३२ किलोच्या वरची एकच बॅग तर बहुतेक ठिकाणी पैसे देऊनही घेत नाहीत, कारण ती हातांनी उचलणाऱ्या कामगारांच्या पाठीचा तिथे प्रश्न येतो. मधला एखादा टप्पा स्वस्त विमान कंपनीचा असेल, तर सगळ्यांत कडक कंपनीचं माप हेच अख्ख्या प्रवासाचं माप समजावं. दोन मोठ्या कंपन्यांच्या उदार मर्यादेत बसलेली बॅग तिसऱ्या कंपनीच्या गेटवरच्या लोखंडी चौकटीत बसत नाही, आणि गेटवर घेतलेले पैसे हे तिकिटासोबत ऑनलाइन भरलेल्या पैशांच्या कितीतरी पट असू शकतात.

केबिन बॅगेला अनेक कंपन्या ७ किंवा ८ किलोच देतात. चाकांची कडक कवचाची केबिन बॅग रिकामीच अडीच ते साडेतीन किलो भरते, म्हणजे जवळजवळ निम्मी मर्यादा बॅगच खाते. मऊ कापडाची ४० लिटरची पाठीवरची बॅग सव्वा-दीड किलोत येते. पाठ किंवा खांदे दुखत असतील तर चाकं घ्यावीतच, पण त्यांची किंमत किलोत मोजून. वजन करायला हातात धरायचा छोटा डिजिटल काटा चांगला. तो नसेल तर बॅग घेऊन साध्या काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. त्यात अर्धा किलो इकडेतिकडे होतो, म्हणून एक किलो मोकळा ठेवायचा. कपडे दाबून भरायचे ते कॉम्प्रेशन क्यूब सध्या फार लोकप्रिय आहेत. ते हवा काढतात, वजन काढत नाहीत. उलट जागा झाल्यामुळे आणखी भरलं जातं आणि काट्यावर उघडकीला येतं.

कपडे किती, हे दिवसांवर ठरवायचं नसतं. ते दोन धुण्यांमध्ये किती दिवस जाणार यावर ठरतं. पाच दिवसांनी एकदा धुवायचं ठरवलं की दहा दिवसांच्या आणि तीस दिवसांच्या प्रवासाची बॅग एकसारखीच होते: अंगातले चार-पाच वरचे कपडे, दोन खालचे, आतले कपडे आणि मोजे पाच-सहा जोड, एक फ्लीस किंवा स्वेटर, वारा-पाऊस अडवणारं एक पातळ जाकीट. थंडीच्या ठिकाणी एका जाड कोटापेक्षा तीन पातळ थर बरे. दुपारी एक काढता येतो, रात्री तिन्ही चढवता येतात, आणि कोट नुसता हातात वागवावा लागत नाही. रंग एकमेकांना चालतील असे घ्यावेत, म्हणजे दोन खालचे आणि पाच वरचे यांच्या दहा जोड्या होतात. जीन्स मात्र विचार करून. एक जोड सहाशे ते आठशे ग्रॅम भरते आणि दमट खोलीत दीड दिवसातही वाळत नाही.

हॉटेलच्या बेसिनमध्ये धुणं बिघडतं ते वाळवण्याच्या टप्प्यावर. लोक कपडा पिळतात, बाथरूममध्ये दार लावून टांगतात, आणि सकाळी ओला, आंबूस कपडा बॅगेत कोंबतात. पिळल्यावर कोरड्या टॉवेलवर कपडा पसरायचा, टॉवेलसकट गुंडाळी करायची, आणि तिच्यावर पायाने चांगला दाब द्यायचा. निम्म्याहून जास्त पाणी टॉवेल शोषून घेतो. मग कपडा बाथरूमबाहेर, हवा खेळेल तिथे टांगायचा. पॉलिएस्टर किंवा पातळ लोकरीचा टी-शर्ट रात्रीत वाळतो, जाड सुती वाळेलच असं नाही. यासाठी बरोबर तीनच वस्तू लागतात: साबणाची वडी, कुठल्याही बेसिनच्या भोकावर बसेल अशी सपाट रबरी चकती, आणि पिळाची लवचिक दोरी, जिच्या पिळात कपडा अडकवता येतो आणि चिमटे लागत नाहीत.

‘असू दे, लागलं तर’ म्हणून बॅगेत पडणाऱ्या वस्तूंसाठी एक चाळणी लावून बघावी. तिथे तासाभरात, फार पैसे न घालता ही वस्तू मिळेल का? मिळणार असेल तर ठेवून जा. छत्री, शाम्पू, कंगवा, चप्पल जगात सगळीकडे मिळतात. न मिळणाऱ्या गोष्टी थोड्याच असतात आणि त्याच नेमक्या राहतात: नंबरचा जादा चष्मा आणि त्याचा नंबर लिहिलेला कागद, रोजची औषधं, पायाला सरावलेले बूट. नवे बूट घालून पहिल्यांदा परदेशात चालायला निघू नये. रोज दहा-बारा किलोमीटर चालणं होतं आणि दुसऱ्या दिवशी टाचेला आलेला फोड पुढच्या चार दिवसांचं वेळापत्रक ठरवतो. बूट किमान तीन आठवडे आधी घ्यावेत. सर्वांत जड जोड पायात आणि सर्वांत जड जाकीट अंगावर असावं, कारण अंगावरचं सहसा कोणी काट्यावर ठेवत नाही.

सुरक्षा तपासणीत सर्वांत जास्त वस्तू जातात त्या द्रवाच्या नियमापायी. ऑगस्ट २००६ मध्ये द्रवरूप स्फोटकांनी विमानं उडवण्याचा कट ब्रिटनमध्ये उघड झाला आणि त्यातून १०० मिलिलिटरची मर्यादा आली. इथे मोजतात ती बाटलीची क्षमता. तळाशी चमचाभरच टूथपेस्ट उरलेली १५० मिलिलिटरची ट्यूबही जाते. सगळ्या बाटल्या साधारण एक लिटरच्या, तोंड बंद होणाऱ्या एकाच पारदर्शक पिशवीत बसायला हव्यात. जेल, क्रीम, लोणी, मध, चटणी, जॅम हे सगळं द्रवातच धरतात. काही विमानतळांवर नव्या स्कॅनरमुळे ही अट सैल झाली आहे, पण त्यावर विसंबू नये. जाताना सैल असलेली अट परतीच्या किंवा मधल्या विमानतळावर तशीच कडक असू शकते. ड्यूटी फ्रीमधली बाटली पुढच्या विमानतळावर पुन्हा तपासली जाणार असेल, तर दुकानाने दिलेली सीलबंद पिशवी शेवटच्या मुक्कामापर्यंत फोडायची नाही. आणि पाण्याची बाटली रिकामी करून तपासणीतून न्यायची, पलीकडे भरून घ्यायची. तपासणीच्या आतल्या भागात पाणी हा महाग माल असतो.

पॉवर बँक नेहमी केबिनमध्येच, चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही. लिथियमच्या बॅटरीने पेट घेतला तर तो केबिनमध्ये माणसांच्या लक्षात येतो आणि आटोक्यात आणता येतो. सामानाच्या कप्प्यात तसं होत नाही. मर्यादा १०० वॉट-अवरची आहे. पॉवर बँकेवर नुसतं मिलिअँपिअर-अवर लिहिलेलं असेल, तर त्याला ३.७ ने गुणून १००० ने भागायचं. २०,००० ची बँक ७४ वॉट-अवर होते, २७,००० ची जेमतेम १०० च्या आत राहते. त्याहून मोठ्या, १६० पर्यंतच्या बँकेला विमान कंपनीची आधी परवानगी लागते. आकडा पुसला गेलेली पॉवर बँक अधिकारी काढून घेऊ शकतात, तेव्हा जुनी, अक्षरं गेलेली बँक नेऊच नये. गेटवर केबिन बॅग ऐनवेळी खाली पाठवायला घेतली, तर पॉवर बँक, सुट्या बॅटऱ्या, पासपोर्ट आणि औषधं काढून घ्यायची. म्हणून या चार गोष्टी एका वेगळ्या छोट्या पिशवीत आधीपासून असाव्यात, गेटवर बॅग उपसत बसावं लागत नाही.

प्लगबद्दल लोक बाजू एक तपासतात आणि दुसरी विसरतात. अॅडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. फोन आणि लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा ‘१०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं लिहिलेलं असतं. तो कुठेही चालतो. हेअर ड्रायर, इस्त्री, पाणी तापवायची कांडी यांवर तसं नसतं. २३० व्होल्टचा १५०० वॉटचा ड्रायर १२० व्होल्टच्या देशात लावला, तर शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते आणि तो चारशे वॉटच्या आसपास कोमट फुंकर मारत बसतो. उलट दिशेने, १२० व्होल्टचा ड्रायर २३० ला लावला की साडेतीन पटींहून जास्त शक्ती ओढून जळतो. असली उपकरणं न्यायचीच नाहीत, हे सर्वांत स्वस्त. सॉकेटची तीन कुटुंबं बहुतेक प्रवासांना पुरतात: अमेरिका आणि जपानची सपाट पातींची, युरोपची दोन गोल पिनांची, ब्रिटन-सिंगापूर-मलेशियाची तीन जाड चौकोनी पिनांची. ऑस्ट्रेलियाचं तिरक्या पातींचं वेगळं. जपानमध्ये पुष्कळ ठिकाणी दोनच भोकं असतात, त्यामुळे तीन पिनांचा लॅपटॉपचा प्लग अमेरिकेत चालला तरी तिथे अडतो.

औषधांकडे बहुतेक जण दुखण्याच्या बाजूने बघतात, कायद्याच्या बाजूने नाही. एका देशात दुकानात सहज मिळणारं औषध दुसऱ्या देशात बंदी असलेला पदार्थ असू शकतं. सर्दीच्या काही गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणाच्या वर असेल तर जपानमध्ये नेता येत नाही. ॲम्फेटामाइन असलेली लक्ष एकाग्र करायची औषधं तर डॉक्टरची चिठ्ठी असूनही तिथे चालत नाहीत. कोडीन आणि ट्रामाडोल संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित आहेत आणि न्यायची तर आधी परवानगी घ्यावी लागते. म्हणून गोळ्या डबीत सुट्या करून न नेता मूळ पाकिटात, प्रवासाला पुरतील तेवढ्या आणि वर तीन-चार दिवसांच्या जास्त, अशा न्याव्यात. सोबत डॉक्टरची चिठ्ठी हवी आणि तिच्यावर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्यावं. दुकानदार जगात कुठेही तेच ओळखतो. इन्सुलिन खालच्या सामानात टाकू नये, तिथे ते गोठण्याचा धोका असतो. ई-सिगारेट वापरणाऱ्यांनी तर आधी देशाचा नियम बघावा. सिंगापूर आणि थायलंडमध्ये ती नेणं हाच गुन्हा आहे.

खाण्याच्या वस्तूंबाबत ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड सर्वांत कडक. तिथे वस्तू नेण्यापेक्षा ती न सांगणं महाग पडतं. न्यूझीलंडमध्ये विमानात मिळालेलं सफरचंद पिशवीत विसरलं, तरी जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड होऊ शकतो. फॉर्मवर ‘खाद्यपदार्थ आहेत’ अशी खूण केली, की वाईटात वाईट काय, वस्तू काढून घेतील.

कागदपत्रांत दोनच गोष्टींवर वेळ घालवण्यासारखा आहे. पहिली, पासपोर्टची मुदत. अनेक देश प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिने शिल्लक मागतात. शेंगेन देशांत, म्हणजे एकाच सामायिक व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, बाहेर पडायच्या तारखेनंतर तीन महिने शिल्लक आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, अशा दोन्ही अटी असतात. दुसरी, काउंटरवर बसलेला माणूस कोण आहे हे ओळखणं. प्रवेश नाकारला गेला तर त्या प्रवाशाला परत आणण्याचा भार आणि अनेक देशांत दंडही विमान कंपनीवर येतो. म्हणून खरी पहिली इमिग्रेशन तपासणी निघतानाच्या चेक-इन काउंटरवर होते. तिथला कर्मचारी ‘टिमॅटिक’ नावाच्या यंत्रणेत तुमचा देश, मधले थांबे आणि मुक्काम टाकून नियम बघतो आणि परतीचं तिकीट, व्हिसा, राहण्याचा पत्ता मागतो. विमानतळाच्या वायफायवर ईमेल उघडत बसण्यापेक्षा हे तीन कागद छापून हाताशी ठेवावेत. ऑनलाइन प्रवासपरवान्यासाठी शोधताना वर दिसणारी काही संकेतस्थळं दलालांची असतात आणि सरकारी शुल्काच्या दुप्पट-तिप्पट घेतात. पत्ता सरकारी आहे ना, हे पैसे भरायच्या आधी बघावं.

स्वस्त तिकिटाच्या मागे लागून दोन वेगवेगळी तिकिटं जोडणाऱ्यांनी थोडं थांबावं. एकाच बुकिंगमध्ये पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर पुढची सोय कंपनी करते. वेगळ्या तिकिटांत दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही नुसते गैरहजर. शिवाय मध्ये बॅग घेऊन पुन्हा द्यावी लागते, त्यासाठी त्या देशात शिरावं लागतं, आणि तिथला व्हिसा नसेल तर सगळंच अडतं. अमेरिकेत तर एकाच तिकिटावर नुसतं विमान बदलायचं असलं तरी सहसा इमिग्रेशनमधून जावं लागतं. एक गोष्ट पहिल्यांदा जाणाऱ्यांना ठाऊक नसते: जायचा टप्पा न वापरता परतीचा तेवढा वापरू म्हटलं, तर जमत नाही. एक टप्पा गैरहजर राहिलात की पुढचे सगळे बहुधा आपोआप रद्द होतात. उलट एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परतायचं तिकीट अनेकदा थोडंच महाग असतं आणि आलेल्या वाटेने परत जायचा रेल्वेचा खर्च आणि एक दिवस वाचवतं. तुलना करताना ‘एकापेक्षा अधिक शहरं’ हा पर्याय निवडावा लागतो, दोन एकेरी तिकिटं बघून ती किंमत दिसत नाही.

आता पैशांकडे, आणि इथे सावकाश जायला हवं.

परदेशातल्या दुकानात कार्ड लावलं की मशीन विचारतं: तुमच्या चलनात पैसे द्यायचे की इथल्या? आपल्या चलनातला आकडा ओळखीचा वाटतो, हायसं वाटतं, बोट तिकडेच जातं. पण ते निवडलं की चलनाचा दर दुकानाच्या बाजूची सेवा कंपनी ठरवते आणि त्यात आपले काही टक्के घालते. स्थानिक चलन निवडलं तर दर व्हिसा किंवा मास्टरकार्डसारख्या कार्ड कंपनीच्या जाळ्याचा लागतो, जो घाऊक चलनबाजाराच्या बराच जवळ असतो. वर आपल्या बँकेचं परदेशी व्यवहाराचं शुल्क लागतं. खोच अशी, की आपलं चलन निवडूनही अनेक बँका ते शुल्क घेतातच, कारण दुकान परदेशात असतं. म्हणजे दोन्हीकडून कात्री. नियम एकच: नेहमी स्थानिक चलन. कधी कधी कॅशियर न विचारता बटण दाबून मशीन पुढे करतो. पिन टाकण्याआधी पडद्यावरचं चलन बघावं, आपलं दिसलं तर व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगावं.

एटीएमवर हाच प्रश्न अधिक चलाखीने विचारला जातो. ‘रूपांतर स्वीकारा’ आणि ‘रूपांतर नाकारा’ अशी दोन बटणं येतात, आणि नाकारलं तर व्यवहारच रद्द होईल अशा भीतीने माणूस स्वीकारतो. नाकारल्यावर पैसे येतातच, फक्त दर तुमच्या बँकेच्या बाजूने ठरतो. पर्यटनस्थळी, स्मरणवस्तूंच्या दुकानांशेजारी भिंतीत बसवलेली सुटी एटीएम टाळून बँकेच्या शाखेतलं वापरावं. तिथे शुल्क बहुधा कमी असतं आणि कार्ड अडकलं तर आत माणूस असतो. दर वेळी ठरावीक शुल्क कापलं जात असेल, तर चार वेळा थोडे थोडे काढण्याऐवजी एकदाच काढावेत. आणि क्रेडिट कार्डाने रोख काढू नये. त्यावरचं व्याज बहुधा त्याच दिवसापासून सुरू होतं, बिलाच्या तारखेची वाट बघत नाही.

चलन बदलायच्या खिडकीवर ‘शून्य कमिशन’ ही पाटी वाचायचीच नाही. वाचायचे ते खरेदी आणि विक्रीचे दोन आकडे. समजा, एकच चलन ती खिडकी ९२ ला घेते आणि १०८ ला विकते. मधला भाव १००, म्हणजे दर फेरीला ८ टक्के गेले. तेच चलन जाताना घेऊन येताना परत दिलंत, तर दोन्हीकडून मिळून जवळजवळ १५ टक्के गेले. फोनवर त्या दिवसाचा मधला भाव बघून कुठल्याही खिडकीचा हिशेब अर्ध्या मिनिटात होतो. पहिल्या दिवसाचा प्रवास, दोन जेवणं आणि कार्ड न चाललं तर एका रात्रीचं भाडं, एवढी रोकड घरून नेणं पुरतं. देशादेशांत मात्र फरक आहे. स्वीडन किंवा नॉर्वेत आठवडाभर नोट न बघता राहता येतं, जर्मनी आणि जपानच्या छोट्या उपाहारगृहांत अजूनही रोखच मागतात.

कार्डं दोन असावीत, शक्यतो वेगवेगळ्या जाळ्यांची, आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवलेली. एकाच पाकिटातली दोन कार्डं एकाच वेळी हरवतात. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी वापर चालू करावा, मर्यादा ठरवावी, आणि क्रेडिट कार्डाचा पिन आठवतो का ते बघावं. युरोपात रेल्वेची तिकीट मशीनं पिन मागतात आणि सही चालवून घ्यायला तिथे माणूस नसतो. हॉटेल आणि गाडी भाड्याने देणारे अनामत म्हणून कार्डावर रक्कम अडवून ठेवतात. तिथे क्रेडिट कार्डच द्यावं. डेबिट कार्ड दिलं तर खात्यातले खरे पैसे आठवडा-दोन आठवडे अडकतात आणि पुढच्या गावी खातं रिकामं दिसतं. आणि युरोपातल्या कित्येक शहरांत हॉटेलवर माणशी, रात्रीमागे शहर कर असतो, जो बुकिंगच्या रकमेत नसतो आणि काउंटरवर वेगळा द्यावा लागतो.

फोनचं काम निघण्याच्या आदल्या दिवशी, घरच्या वायफायवर उरकावं. ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच बसणारं सिम, डाउनलोड करायला इंटरनेट लागतं आणि ते नेमकं विमानातून उतरल्यावर नसतं. फोन एकाच कंपनीला बांधलेला नाही ना, हेही आधीच बघायचं. घरचं सिम काढून टाकू नये, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. ते चालू ठेवून त्याचं डेटा रोमिंग तेवढं बंद करायचं. पुष्कळांची बिलं फुगतात ती स्वतः काही न बघता, मागे चालू असलेल्या फोटो-बॅकअपमुळे. शहराचा नकाशा आणि भाषांतराचा भाषासंच ऑफलाइन उतरवून घेतला, की पहिला दिवस नेटशिवायही निभतो.

पहिले तीन तास सर्वांत महाग. विमान किती वाजता उतरतं याइतकंच, त्या वेळी शहरात जाणारी शेवटची गाडी किती वाजता सुटते हे तिकीट घेतानाच बघायला हवं. रात्री उशिरा उतरणाऱ्या स्वस्त तिकिटाची बचत एका टॅक्सीत जाते. इमिग्रेशन आणि बॅगेला दीड तास धरावा. शहरातल्या पासांबाबतीतही ‘दिवसभर कितीही फिरा’ ला भुलू नये. पासाची किंमत एका फेरीच्या भाड्याने भागली की किती फेऱ्यांना तो फिटतो ते कळतं, आणि दिवसाला चारहून जास्त फेऱ्या फार थोडे जण करतात. लंडनमध्ये तर पास न घेता कार्ड टेकवत गेलं तरी दिवसाची कमाल मर्यादा आपोआप लागते, फक्त दर वेळी तेच कार्ड हवं. सकाळी कार्ड आणि दुपारी त्याच कार्डाचा फोन टेकवला, तर ते दोन वेगळे प्रवासी धरले जातात. इटलीत प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटाजवळच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यावा लागतो. विकत घेतलेलं पण शिक्का नसलेलं तिकीट हे तपासनिसाच्या लेखी तिकीट नव्हेच.

विमा घेताना हप्त्याकडे नंतर बघावं. वैद्यकीय खर्चाची रक्कम, रुग्णाला घरी आणण्याचा खर्च, आधीपासूनचे आजार धरले आहेत का, आणि प्रत्येक दाव्यात पहिली किती रक्कम आपल्या खिशातून जाते, हे चार आकडे आधी. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं. अपवादांच्या यादीत भाड्याची स्कूटर हमखास असते: तिथे वैध परवाना नसताना चालवली आणि पडलात, तर विमा नाही.

बॅग आली नाही किंवा फुटून आली, तर विमानतळाबाहेर पडण्याआधी सामानाच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यायचा. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार नुकसानीचा लेखी दावा बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत, उशिराचा दावा बॅग हाती आल्यापासून २१ दिवसांत करावा लागतो. कंपनीची कमाल जबाबदारी २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. हा आकडा कमाल आहे, मिळतो तो सिद्ध केलेला खर्च. म्हणून बॅग बंद करण्याआधी उघड्या बॅगेचा एक फोटो काढावा आणि तिथे घ्याव्या लागलेल्या कपड्यांच्या पावत्या जपाव्यात. बॅगेवरचे जुन्या प्रवासाचे पट्टे फाडून टाकावेत, यंत्र चुकून तेच वाचतं. पत्ता आणि प्रवासाचा तक्ता बॅगेच्या आतही ठेवावा, बाहेरचा टॅग तुटतो. काउंटरवर लावलेल्या नव्या पट्ट्यावरची तीन अक्षरं आपल्या शेवटच्या विमानतळाची आहेत का, हे बघायला दोन सेकंद लागतात.

परतीच्या दिवशी वेळ लागतो तो कर परतीला. युरोपीय संघात बाहेरून आलेल्या पर्यटकाला किमान रकमेच्या वरच्या खरेदीवरचा कर परत मिळू शकतो. खरेदीच्या वेळी दुकानातून पासपोर्ट दाखवून फॉर्म घ्यायचा, खरेदीच्या महिन्यानंतर तीन महिन्यांच्या आत वस्तू संघाबाहेर न्यायची, आणि संघातून बाहेर पडण्याच्या शेवटच्या विमानतळावर कस्टमची मोहोर घ्यायची. क्रम चुकला की सगळं जातं. वस्तू चेक-इनच्या बॅगेत असेल तर बॅग देण्याआधी मोहोर, कारण अधिकारी वस्तू बघायला मागू शकतो. मोहोर नसलेल्या फॉर्मवर सहसा काही मिळत नाही. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधून जानेवारी २०२१ पासून अशी परती बंद आहे. जपानमध्येही दुकानातच कर वगळण्याऐवजी १ नोव्हेंबर २०२६ पासून आधी कर भरून निघताना परत घ्यायची पद्धत येते आहे, तेव्हा तिथेही विमानतळावर जादा वेळ धरावा लागेल. परताव्याच्या काउंटरवर पुन्हा तोच प्रश्न येतो, कुठल्या चलनात? रोख आणि आपल्या चलनात घेतला तर दर त्यांचा. कार्डावर घेणं बहुधा बरं.

उरलेल्या नोटा निदान तोट्यात का होईना बदलून मिळतात, नाणी मात्र खिडकीवर कोणी घेत नाही. शेवटच्या संध्याकाळी विमानतळापर्यंतचं भाडं आणि एका कॉफीपुरते पैसे बाजूला काढावेत, बाकीची सगळी नाणी आणि सुटे हॉटेलच्या काउंटरवर मोजून द्यावेत, आणि बिलाची उरलेली रक्कम कार्डावर, स्थानिक चलनात.